स्वस्त विद्यापीठात नेमकं मिळते काय? स्कॉलरशिपच्या खिडकीतून दिलेलं उत्तर

दारव्ह्याकडच्या एका पोराने विचारलं आहे. बारावी सायन्स, ६१ टक्के, घरी चार एकर कोरडवाहू, पराटी म्हणजे कापूस, अन् सोयाबीन. पुण्याकडच्या एका खाजगी विद्यापीठाचा माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला, कॉम्प्युटरच्या कोर्सचे वर्षाला सव्वा लाख सांगते, प्लेसमेंटची हमी देते. बाबा एक एकर विकायच्या विचारात आहेत. अन् इकडं गावातले लोक म्हणतात अमरावती विद्यापीठाच्या कॉलेजात फी नाहीच्या बरोबर, पण तिथं मिळते काय, नुसता कागद. तर खरंच काय मिळते, असा प्रश्न.

मी प्राध्यापक नाही हे आधीच सांगून टाकतो. यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात ऑफिसात आहे, २६ वर्षं झाली, त्यातली १७ स्कॉलरशिपच्या टेबलावर. म्हणजे विद्यापीठ पोराला काय देते हे मी वर्गातून नाही, खिडकीतून पाहिलं आहे. ॲडमिशनला कोण आलं, मध्येच टीसी न्यायला कोण आलं, अन् पाच वर्षांनी पेढे घेऊन कोण आलं, हे तिन्ही त्या खिडकीतून दिसते. माझ्या पोराच्या वयाचा आहेस म्हणून तू म्हणतो, राग मानू नको.

तुझा प्रश्न वरून सरकारी बरं का खाजगी बरं असा दिसते, पण तो तसा नाही. खरा प्रश्न असा आहे, का एक एकर विकून जे मिळणार आहे ते न विकता मिळते काय, अन् मिळत असलं तर ते मागून घ्यायची तुझी तयारी आहे काय. हा दुसरा भाग कोणी विचारतच नाही. अन् खरं सांगू, माझ्या पाहण्यात पोरं तिथंच अडकतात, फीमध्ये नाही.

आता हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. तुझी जात-प्रवर्ग कोणता, घरचं उत्पन्न किती, बारावीला गणित होतं का नुसतं बायोलॉजी, सीईटी दिली होती का, अन् घरापासून कॉलेज किती दूर. यातलं तू काहीच लिहिलं नाही, म्हणून मी सगळ्यांना लागू पडेल तेवढं सांगतो.

आधी विद्यापीठ म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण इथंच निम्मे लोक फसतात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम हे पाच जिल्हे त्याच्याकडं. नागपूरचं १९२३ चं, चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना २०११ मध्ये झालं. पण तू जाणार तो विद्यापीठाच्या कॅम्पसवर नाही, कॅम्पसवर मुख्यतः एमएस्सी, एमए, पीएचडी चालते. तू जाणार त्याच्याशी संलग्न कॉलेजात. अन् त्या कॉलेजात एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच जिन्यावर, दोन वेगळ्या दुनिया असतात. एक अनुदानित वर्ग, जिथं सरांचा पगार सरकार देते, म्हणून फी हजारांत. दुसरा विनाअनुदानित, जिथं सरांचा पगार तुझ्या फीतून निघते, म्हणून फी कितीतरी पट. साधी बीएस्सी बहुतेक पहिल्यात, कॉम्प्युटरची बीसीए वगैरे बहुतेक दुसऱ्यात. डिग्रीवर नाव, शिक्का, सही एकाच विद्यापीठाची. तेव्हा कॉलेजात गेल्यावर पहिला प्रश्न "फी किती" हा विचारू नको, "हा वर्ग अनुदानित हाय का विनाअनुदानित" हा विचार. आमच्या खिडकीवर हा प्रश्न विचारणारा बाप मला वर्षाला दोन-तीनच भेटते, अन् विचारला का मी खुर्चीतून उठून बोलतो त्याच्याशी.

म्हणजे फी कमी आहे ती शिक्षण हलकं आहे म्हणून नाही, तुझ्या वाट्याचं बिल दुसऱ्यानं भरलं आहे म्हणून.

पण मग तिथं सगळं गोड आहे काय? नाही बाप्पा. कायमच्या सरांच्या जागा कित्येक वर्षांपासून रिकाम्या पडून आहेत, त्यामुळं बरेच तास तासिका तत्त्वावरचे सर घेतात, त्यांचं मानधन सहा-सहा महिने येत नाही. त्यातले काही इतकं जीव लावून शिकवतात का आपल्यालाच लाज वाटावी, अन् काही तास बुडवून दुसऱ्या कॉलेजात पळतात. निकाल उशिरा लागतात. हिवाळी परीक्षेचा निकाल हाती यायच्या आत उन्हाळीचा फॉर्म भरायची वेळ येते, मग एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय, आहे का नाही हेच माहीत नसताना पोरं फॉर्म भरतात. शेवटच्या तारखेला साईट लटकते, दरवर्षी. हे मी लपवून ठेवलं तर तू सप्टेंबरात मलाच शिव्या देशील.

आता मिळते काय ते. माझ्या टेबलाचं काम आहे म्हणून पैशाचं आधी सांगतो, अन् इथं थोडं लांबवतो, कारण इथं पोरं सगळ्यात जास्त पैसे सोडून देतात.

बहुतेक शिष्यवृत्त्या राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आहेत. अनुसूचित जाती-जमातीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. खुल्या प्रवर्गातल्या, आर्थिक दुर्बल घरातल्या पोरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, तिला आठ लाखांची मर्यादा, ट्यूशन फीचा अर्धा भाग. घरी बहीण असेल तर हे लक्षात ठेव, २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, अन् ही माफी खाजगी अन् अभिमत विद्यापीठांना लागू नाही. घरी येऊन गेलेला माणूस हे सांगणार नाही. राहायचं म्हणशील तर समाजकल्याणची, आदिवासी विभागाची वसतिगृहं, अन् तिथं नंबर नाही लागला तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयं, ओबीसी-भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार, म्हणजे रूम अन् डब्याचा पैसा थेट खात्यात. शेतकऱ्याच्या, मजुराच्या पोरांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकाची अट वेगळी, कोणत्या शहरात शिकतो त्यावर रक्कम वेगळी, काही योजनांत कोणता कोर्स हेही बघतात. म्हणून अट वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नको.

अन् हे मंजूर होऊनही पैसा हातात येत नाही कधी कधी. नेरकडची एक मुलगी, बापासोबत आली होती. पोर्टलवर रक्कम जमा झाली म्हणून दाखवत होतं, पासबुकात काही नाही. बाप खिडकीला दोन्ही हात टेकवून उभा, तोंडाने काही बोलत नव्हता, पण त्याच्या नजरेत होतं का बाबूनं खाल्ले. मी म्हटलं, काका, आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे? ते म्हणे, "याच बँकेले, पासबुक आणलं ना मी." मोबाईलवर आधारची मॅपिंग तपासली तर बँक दुसरीच. ती पोरगी म्हणे आमचं तिथं खातंच नाही. मग आठवत आठवत निघालं का दोन वर्षांपूर्वी बाजारात नवीन सिम घेताना दुकानदारानं अंगठा दोनदा लावून घेतला होता. दुसऱ्या अंगठ्यानं खातं उघडलं, अन् आधारला जे खातं शेवटी जोडलं तिथं सरकारचा पैसा जाते. पैसा सुरक्षित होता, पंधरा दिवसांनी काढला तिनं. पण त्या पंधरा दिवसांत त्या बापाच्या डोक्यात कॉलेज म्हणजे चोर हे बसून गेलं होतं. तेव्हा फॉर्म भरायच्या आधी बँकेत जाऊन विचार, का माझं आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारचा पैसा थेट जमा व्हायला, कोणत्या खात्याला लागून आहे. नुसतं "लिंक आहे" ऐकून परत येऊ नको, लिंक असणं अन् सीडिंग, म्हणजे डीबीटीची नोंद, असणं दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझीही चूक सांगतो. एका पोराचा फॉर्म मी गॅप सर्टिफिकेट नाही म्हणून परत केला, उद्या घेऊन ये म्हटलं. उद्या पोळा होता, मग तान्हा पोळा, मग रविवार. तो आला तेव्हा तारीख निघून गेली होती. ते वर्ष त्याच्या बापानं सावकाराच्या पैशानं काढलं. तेव्हापासून मी फॉर्म परत करताना कागदावर लाल पेनानं शेवटची तारीख लिहून देतो, पण सगळेच बाबू देतात असं नाही, तू स्वतः विचारून लिहून घेत जा.

पैशाचं झालं. आता शिक्षणाचं.

माझी पुतणी आमच्याच कॉलेजात बीएस्सी झाली, मग अमरावतीच्या कॅम्पसवर एमएस्सी केमिस्ट्री. बीएस्सीला असताना तिच्या बॅचमध्ये साठेक पोरं, अन् प्रॅक्टिकलला एका ब्युरेटवर, म्हणजे थेंब-थेंब सोडायच्या काचेच्या नळीवर, चार जण, एक टायट्रेशन करणार अन् तिघं रीडिंग उतरवणार. हिला ते पटेना. तिनं सरांना जाऊन विचारलं का शनिवारी लॅब उघडी राहते का. सर म्हणाले किल्ली अटेंडंटकडं आहे, तो असला तर ये. बस, एवढंच. शनिवारी ती अन् तिची मैत्रीण दोघी जायच्या, अटेंडंट काका कोपऱ्यात पेपर वाचत बसायचे, अन् या दोघी एंड पॉइंटचा तो फिकट गुलाबी रंग एका थेंबावर आणायचा सराव करायच्या. पूर्ण बॅचमधून असं विचारायला दोघीच गेल्या. लॅब सगळ्यांचीच होती. कॅम्पसवर गेली तेव्हा मोठी मशिनं पाहून बाकीची पोरं दबकली, ही नाही दबकली, कारण मागितलं का मिळते हे तिला माहीत होतं. स्वस्त विद्यापीठ असं असते बघ, पंगतीत बसल्यासारखं कोणी वाढत येत नाही, पण रांधलेलं असते.

लायब्ररीचंही तसंच. कार्डावर दोन पुस्तकं मिळतात म्हणून पोरं रडतात, पण बुक बँक आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या पोरांना वर्षभरासाठी सेट मिळू शकतो, अन् ग्रंथपालाशी नीट बोललं तर बाकीच्यांनाही जुनी पुस्तकं सत्रभर मिळतात. एन-लिस्ट नावाची सोय बऱ्याच अनुदानित कॉलेजांत आहे, त्याच्या लॉगिनवर हजारो ई-बुक्स अन् जर्नल्स उघडतात. आमच्याकडं ग्रंथपाल दरवर्षी नोटीस लावतात, लॉगिन मागायला बोटावर मोजण्याइतके येतात. शोधगंगा या साईटवर देशभरातल्या पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, स्वयम या सरकारी ऑनलाईन पोर्टलवर (वरची स्वयं योजना वेगळी) आयआयटीच्या सरांचे कोर्स आहेत. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्याच्या २०२१ च्या नियमाप्रमाणं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट, म्हणजे विषय पास केल्याचे जमा होणारे गुण, स्वयममधून घेता येऊ शकतात, तुझ्या कॉलेजात कोणते विषय मान्य केले ते मात्र विचारावं लागेल. अन् आता नवीन शैक्षणिक धोरणात क्रेडिट तुझ्या नावानं जमा राहतात. मध्येच घरची अडचण आली, एक वर्ष वावरात जावं लागलं, तरी केलेलं शिक्षण वाया जात नाही. आमच्याकडच्या पोरांसाठी ही लहान गोष्ट नाही, कारण इथं दुष्काळ पडला का आधी पोराचं कॉलेज सुटते.

एनएसएस, एनसीसी याला पोरं टाईमपास समजतात. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास काम अन् सात दिवसांचं शिबिर, अन् ज्या पोराला चार लोकांसमोर तोंड उघडता येत नव्हतं ते पोरगं त्या सात दिवसांत ग्रामसभेसमोर उभं राहून बोलताना मी पाहिलं आहे. एनसीसीच्या सर्टिफिकेटचे पोलीस भरतीत जास्तीचे गुण मिळतात. खेळ, युवा महोत्सव, आविष्कारसारखी संशोधन स्पर्धा, हे सगळं विद्यापीठ स्वतःच्या पैशानं करते. जायला पैसा तुला लागत नाही, फक्त नोटीस बोर्ड वाचायला पाहिजे.

अन् एक, ज्याबद्दल कोणी बोलतच नाही. पेपर चुकीचा तपासला गेला असं वाटलं तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागता येते, पुनर्मूल्यांकन मागता येते, तक्रार निवारण समिती असते, कारण सार्वजनिक विद्यापीठाला २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू आहे अन् माहितीचा अधिकारही लागू आहे. हळू चालते, मान्य. पण दार आहे. जिथं मालकच शेवटचा शब्द, तिथं तू कोणाकडं जाणार?

आता तुझ्या कॉम्प्युटरचं. आमच्या तालुक्यात कंपनी येऊन पोरं उचलून नेते असं होत नाही, सरळ सांगतो. प्लेसमेंट पाहिजेच असेल तर गावातल्या साध्या बीएस्सीतून ती आपोआप येणार नाही. पण तुझ्याकडं गणित असेल तर अनुदानित कॉलेजात बीएस्सी घे, जमलं तर कॉम्प्युटर सायन्स हा विषय धरून, अन् तीन वर्षांनी सीईटी देऊन एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरची मास्टर डिग्री, ते आता दोनच वर्षांचं आहे. कॅम्पसवर कॉम्प्युटर सायन्सचा पीजी विभाग आहे. किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, त्याला आमच्याच विद्यापीठाची डिग्री चालते, तिथं कोणी तुझं कॉलेज तालुक्याचं का शहराचं हे विचारत नाही. गणित नसेल तर एमसीएचा रस्ता अवघड होते, मग वेगळा विचार करू. अन् सीईटी दिली असेल अन् वावरात जीव रमत असेल तर अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही सरकारीच आहे, १९६९ चं, तिकडंही बघ. भूषण गवई साहेब अमरावतीचे, कॉमर्स अन् लॉ अमरावतीतच शिकले, नगरपालिकेच्या शाळेतून सुरुवात, अन् २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. सगळेच तसे होत नाहीत, पण कागद आडवा आला नाही एवढं तर दिसते.

इंग्रजीचं मात्र स्वतःच बघावं लागेल. आमच्याकडं सर मराठीत समजावून सांगतात, पोरांना बरं वाटते, अन् मग एमएस्सीला गेल्यावर घाम फुटते. पहिल्या वर्षापासून रोज एक पान वाच, एवढं कर.

खर्चाचं एकदा मांडून देतो, कारण तुझे बाबा हेच विचारणार. घरून जाणं-येणं करशील तर एसटीचा विद्यार्थी पास तिकिटाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात पडते. फी हजारांत, त्यातली काही परत. अमरावतीला राहायचं झालं तर दोघा-तिघांत रूम अन् डबा धरून महिन्याला चार-पाच हजार धर, अन् हाच खरा खर्च आहे, फी नाही. काही ठिकाणी कमवा अन् शिका आहे, लायब्ररीत किंवा ऑफिसात तास भरून डब्याचा काही भाग निघते. सगळं धरूनही एक एकर विकावं लागत नाही. गाडगेबाबा कीर्तनात ताट मोडा पण पोरं शिकवा म्हणत. ताट म्हटलं त्यांनी, वावर नाही.

खाजगी सगळे वाईट असं मी म्हणत नाही, काही चांगले आहेत, अन् ज्याच्या घरी ऐपत आहे त्यानं खुशाल जावं. पण घरापर्यंत माणूस पाठवून सीट भरावी लागते तिथं मी दोनदा विचार करीन. त्याला लेखी माग, का मागच्या वर्षी या कोर्सच्या किती पोरांना कोणत्या कंपनीत किती पगारावर घेतलं. अन् यूजीसीच्या साईटवर त्या विद्यापीठाचं नाव शोध, कोर्सला मान्यता आहे का बघ. हमी तोंडी असेल तर ती हमी नाही.

या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेयर लागत असेल तर ते, सेतूत अर्ज आजच टाक, कारण निकालानंतर तिथं रांग दारापर्यंत येते. जात वैधता नसेल तर त्या अर्जाची पावती तरी हातात ठेव. दोन-तीन कॉलेजांत स्वतः जा, अनुदानित का ते विचार, लॅब दाखवा म्हण, अन् तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना टपरीवर गाठून विचार का तास होतात का. ते खरं सांगतात.

अन् तो माणूस घरी येऊन गेला तेव्हा त्यानं ओरिजिनल टीसी अन् मार्कशीट "सीट बुक करायला" म्हणून नेली नाही ना? दरवर्षी माझ्याकडं अशी चार-दोन पोरं येतात, ॲडमिशन इकडं घ्यायचं असते अन् टीसी तिकडं अडकून असते. ओरिजिनल कागद अडवून ठेवायचा कोणालाच अधिकार नाही, यूजीसीनंच तसं सांगून ठेवलं आहे. नेली असेल तर बाकी सगळं सोड, आधी जाऊन ती घेऊन ये, अन् एकटा जाऊ नको, बाबांना सोबत ने.